मागची बाजू

अण्णांकडे जाताना हातात काय न्यायचं, हा आमच्या घरातला कायमचा वाद आहे. रिकाम्या हाताने जायची पद्धत नाही, आणि भरल्या हाताने गेलं तर अण्णा ते हातातलं उलटं करून वाचतात. पेढे न्यावेत तर खवा कुठला? काजूकतली न्यावी तर वर्ख चांदीचा की ॲल्युमिनियमचा? फळं नेली तर ती पिकवली कशाने? फुलं नेली तर त्यांच्यावर फवारलं काय? एकदा हिने मोठ्या हौसेने वासाच्या मेणबत्त्या नेल्या, लव्हेंडरच्या. अण्णांनी डबीच्या बुडाशी भिंग धरलं, 'फ्रॅग्रन्स' एवढाच शब्द मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "या एका शब्दाच्या पोटात वाटेल तेवढे पदार्थ दडवता येतात." मेणबत्त्या आमच्याच पिशवीतून परत घरी आल्या. तेव्हापासून आम्ही नारळ नेतो. नारळाला मागची बाजू नसते.

अण्णा म्हणजे माझे साडू. हिच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे यजमान, मुलांचे काका. राहायला कोपरखैरण्याला. उभी नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत झाली. खाडीपलीकडचा हा टीटीसी औद्योगिक पट्टा नवी मुंबईहून वयाने मोठा. हे शहर वसवणारी सिडको १९७० सालची. त्याआधीच एमआयडीसीने इथे जागा आखून दिल्या होत्या आणि चिमण्या उभ्या राहायला लागल्या होत्या. शहर मागून आलं आणि चिमण्यांच्या शेजारी संसार मांडून बसलं. अण्णांच्या कारखान्यात पहिला नियम असा, की पिंपावरचं लेबल वाचल्याशिवाय पिंपाला हात लावायचा नाही. ते निवृत्त झाले, पिंपं सुटली, लेबलं काही सुटली नाहीत. आता ते शाम्पूच्या बाटलीला पिंपाचा मान देतात.

तिथली आणखी एक गोष्ट त्यांनी घरी आणली, ती वास घेण्याची रीत. बाटलीत नाक खुपसायचं नाही. बाटली लांब धरायची आणि पंजाने वारा घालून वास आपल्याकडे बोलवायचा. प्रयोगशाळेत ही रीत सगळेच पाळतात. अण्णा ती पंगतीत पाळतात. डाव्या हाताने वाटी लांब धरतात, उजव्या पंजाने दोन-तीनदा आमटीचा वास ओढून घेतात, क्षणभर छताकडे बघतात आणि मग भात कालवतात. आम्हाला याची सवय आहे. पण माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला व्याह्यांकडे त्यांनी हे केलं, तेव्हा विहीणबाई पदराला हात पुसत लगबगीने बाहेर आल्या. "काही लागलंय का हो आमटीला?" अण्णा म्हणाले, "छे छे, उत्तम आहे. सवय आमची." विहीणबाईंचं समाधान झालं असावं असं वाटत नाही. त्यांनी नंतर स्वयंपाकघरात जाऊन तसंच हात हलवून बघितलं, असं ही सांगते.

एवढं ऐकून कुणाला वाटेल, हे त्यातलेच दिसतात, 'निसर्गाकडे चला' म्हणणारे. तसंही नाही. तसे असते तर सोपं होतं. शेजारच्या बाईंनी एकदा कौतुकाने 'केमिकल-फ्री' साबण आणून दाखवला. अण्णांनी त्यांना दारातच उभं करून समजावलं, की साबण हेच मुळात केमिकल, तेल आणि कॉस्टिक सोडा यांचं, पाणीसुद्धा केमिकलच, आणि नैसर्गिक म्हणाल तर धोत्राही नैसर्गिकच आहे, त्याची चटणी करून खाता का? बाई साबण घेऊन परत गेल्या. म्हणजे रासायनिक वस्तू आणणाऱ्यांना अण्णा झोडतात आणि रसायनं टाळणाऱ्यांनाही झोडतात. मधली जी अरुंद वाट उरते तिच्यावरून ते एकटेच चालतात आणि मागून ताई, हातात पिशव्या घेऊन.

ताईंचे हाल बघायचे तर डी-मार्टमध्ये बघावेत. यादी त्यांच्याकडे, भिंग अण्णांकडे. भांडी घासायच्या साबणापाशी ट्रॉली उभी राहते ती राहतेच. मागे रांग लागते. एखादा तरुण म्हणतो, "काका, जरा बाजूला." काका बाजूला होतात आणि त्या तरुणाच्या ट्रॉलीतला टूथपेस्टचा खोका उचलून त्याला म्हणतात, "पुढचं चित्र बघून घेतलास ना? मागची बाजू बघ." हे त्यांचं पेटंट वाक्य. पुढची बाजू कंपनीची, मागची बाजू कायद्याची, असं त्यांचं मत आहे. बारीक अक्षरात छापलेलं खरं असतं, कारण ते नाइलाजाने छापलेलं असतं. थोरल्या मुलीचं लग्न जमवताना स्थळाचा बायोडेटा आला, तेव्हाही त्यांनी कागद उलटून पाहिला होता. मागे कोरं होतं. त्यामुळे पुढे चौकशीला आणखी दोन महिने गेले.

दुसऱ्याच्या घरी त्यांचा कटाक्ष असतो प्लास्टिकच्या डब्यांवर. डब्याच्या बुडाला बाणांचा एक त्रिकोण असतो आणि त्यात एक आकडा. आपण जन्मभर ते डबे घासतो, तो आकडा आपल्याला दिसत नाही. अण्णांना दुसरं काही दिसत नाही. एक म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं पीईटी, पुन्हा पुन्हा वापरायचं नाही. दोन, चार आणि पाच चालतील. त्यातही पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यांचं लाडकं. तीन म्हणजे पीव्हीसी आणि सहा म्हणजे पॉलिस्टायरीन, यांना घरात थारा नाही. सात म्हणजे 'इतर', आणि इतर म्हणजे कोण हे सांगत नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? तर गेल्या दिवाळीत आमच्याकडे त्यांनी फराळाचा डबा उचलला आणि बोलता बोलता बूड बघण्यासाठी सहज उलटा केला. झाकण सैल होतं. चकल्या तेवढ्या वाचल्या, कारण त्या एकमेकींत अडकलेल्या होत्या. शेव दिवाणाखाली गेली. "पाच आहे," गुडघ्यावर बसून शेव गोळा करता करता अण्णा हिला म्हणाले, "काळजीचं कारण नाही."

बाकीचं थोडक्यात सांगतो. स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवर ते स्टीलची ताटली घेऊन जातात, कारण छपाईची शाई. (२०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं सांगितलं होतं. ते कात्रण अण्णांच्या पाकिटात आहे. ते मात्र वर्तमानपत्राचंच.) गाडीवाला त्यांना लांबून ओळखतो आणि वडा तळणीतून काढता काढता ओरडतो, "ताटलीवाले काका आले!" हळद विकतची पूड नाही, सांगलीची हळकुंडं मसाला बाजारातून आणायची, कारण पुडीला पिवळेपणा यावा म्हणून लेड क्रोमेट घालणारे असतात, आणि हळकुंडही फार चकचकीत दिसलं की नखाने खरवडून बघायचं. आंबा एपीएमसीच्या फळबाजारातून कच्चाच घ्यायचा. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, कारण त्यातून निघणाऱ्या वायूबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येतात. इथिलीन वायूला परवानगी आहे, १०० पीपीएमपर्यंत. "पण ते शंभर मोजायला तिथे कोण उभा आहे?" असं म्हणून अण्णा पेंढ्याची आढी घालतात, बेडरूममध्ये पलंगाखाली. मे महिन्यात त्यांच्याकडे मुक्कामाला गेलात तर रात्रभर देवगडच्या बागेत झोपल्यासारखा वास येतो आणि सकाळी पाठीला पेंढ्याच्या काड्या टोचलेल्या असतात.

पण या माणसाला नुसतं हसून सोडून देता येत नाही, आणि त्याचं एक कारण त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आहेत. मावशी पाच घरची भांडी-फरशी करतात. त्यांना वर्षानुवर्षं खोकला होता. डॉक्टरांनी औषधं दिली, कुणी धूळ म्हटलं, कुणी तंबाखू. अण्णांनी एक दिवस त्यांना विचारलं, "मावशी, त्या दुसऱ्या घरी संडास कशाने धुता?" मावशी म्हणाल्या, "ॲसिड टाकते, आणि नाहीच निघालं तर वरून ब्लीच." अण्णा खुर्चीतून उठले. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. आणि मावशी दार लावून घेऊन तो रोज हुंगत होत्या, शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून. त्या दिवशी अण्णांनी त्यांना व्याख्यान दिलं नाही. दोन बाटल्या समोर ठेवल्या, एकीला लाल दोरा बांधला, एकीला पांढरा, आणि सांगितलं, "लाल आणि पांढरा एका दिवशी नाही. आणि दार उघडं." मावशींचा खोकला हळूहळू गेला. आता त्या पाचही घरी दोरे घेऊन जातात. एका घरच्या बाईंना तो काहीतरी उपासाचा प्रकार वाटला होता.

त्याच आठवड्यात अण्णांनी लिफ्टमध्ये ॲसिड-ब्लीचबद्दल हाताने लिहिलेली सूचना चिकटवली. तिच्या खाली आणखी एक ओळ होती : 'व्हिनेगर व खाण्याचा सोडा एकत्र करून घर पुसणाऱ्यांसाठी. दोन्ही एकमेकांना मारतात. उरतं ते खारट पाणी. फेसावर जाऊ नये.' सोसायटीच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेमकी हीच कृती आदल्या दिवशी फिरली होती. ताईंनी तीन दिवस जिन्याने ये-जा केली.

कल्हईचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं. नॉनस्टिक घरातून गेलं, ॲल्युमिनियम गेलं, आणि माळ्यावरून अण्णांच्या आईची पितळी पातेली खाली आली. पितळेत आंबट शिजवायचं तर आतून कल्हई हवी, नाहीतर तांबं अन्नात उतरतं. आणि कोपरखैरण्यात कल्हईवाला आणायचा कुठून? अण्णांनी पनवेलच्या जुन्या बाजारात चौकशा करून एक म्हातारे चाचा शोधून काढले. कथलात शिसं मिसळलेलं असतं असा संशय होता म्हणून कथलाची कांडी स्वतःची नेली, जुन्या सहकाऱ्याकडून तपासून घेतलेली. चाचांनी ती कांडी हातात घेतली, अण्णांकडे बघितलं, आणि काही न बोलता खिशात ठेवली. रविवारी सकाळी ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये आले.

त्यांनी दोन गाड्यांच्या मधल्या जागेत कोळशाची भट्टी लावली, भाता जोडला. पातेलं चिमट्यात धरून आचेवर फिरवलं. ते तापून त्याचा रंग बदलला तसं चाचांनी नवसागराची चिमूट आत टाकली आणि कापसाच्या बोळ्याने घासली. नवसागर तापल्यावर जो धूर सोडतो तो ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको : पांढरा, दाट, नाकात झोंबणारा. त्या धुरात कथलाची कांडी एकदा टेकवली, बोळा गरकन फिरला, आणि काळवंडलेलं पातेलं आतून क्षणात चांदीचं झालं. खाली जमलेली मुलं अक्षरशः टाळ्या वाजवायला लागली. ज्यांनी जन्मात कल्हई पाहिली नव्हती ते चाळिशीतले बापही मोबाईल काढून उभे राहिले. पातेलं पाण्यात बुडालं तेव्हा जो चर्रर आवाज झाला, त्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत खिडक्या उघडल्या.

आणि त्या खिडक्यांतून धूर आत गेला. चौथ्या पातेल्याला कुणीतरी वरून ओरडलं, "आग!" नव्यानेच लागलेला वॉचमन भिंतीवरचं लाल सिलिंडर काढून धावत आला आणि ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणे पिन ओढून त्याने भट्टी, भाता, चाचा आणि अण्णांच्या आईची पातेली यांच्यावर मनसोक्त फवारणी केली. सगळं पांढरंफटक झालं. चाचा तर पुतळ्यासारखे बसून राहिले. चेअरमन घाईघाईने जिना उतरत होते, ताई डोक्याला हात लावून उभ्या होत्या, आणि अण्णा, भुवयांपासून चपलांपर्यंत पावडरने माखलेले अण्णा, वॉचमनच्या हातातलं सिलिंडर फिरवून घेत म्हणाले, "थांब, थांब. आधी वाचू दे. घटक काय आहेत?"

चाचांना त्यांनी दुप्पट पैसे दिले आणि अंघोळीला घरात नेलं. सोसायटीने मात्र नंतर ठराव केला, की आवारात भट्टी पेटवू नये. इतिवृत्तात तो ठराव 'कल्हई प्रकरण' या नावाने नोंदलेला आहे.

आता भेटवस्तूंकडे येतो. अण्णा आहेर देतात तेव्हा देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याचीच परीक्षा असते. लग्नात ठरलेला आहेर म्हणजे लोखंडी तवा. साधा, जाड, उचलायला दोन हात लागणारा. त्याला चकचकीत कागद नाही; ताईंच्या जुन्या सुती साडीचा तुकडा, आणि आत अण्णांच्या अक्षरातलं पत्रक : पहिल्यांदा कसा घासायचा, तेल लावून कसा तापवायचा, कांद्याने कसा पुसायचा, साबण का लावायचा नाही, आणि चिंचेचं काही का करायचं नाही (काळं पडतं, पण घाबरू नये, ते लोह आहे). माझ्या पुतणीला हाच तवा मिळाला. स्टेजवर तिने हसून हात पुढे केला आणि तव्यासकट खांदा खाली गेला. त्या क्षणाचा फोटो अल्बममध्ये आहे. बंगळूरला जाताना विमानतळावर सामानाचं वजन जास्त भरलं म्हणून नवऱ्याने तो तवा हातात घेऊन नेण्याचा प्रयत्न केला, आणि सुरक्षेवाल्याने तो परत फिरवला. शेवटी तिची सहा पुस्तकं मागे राहिली, तवा गेला.

वर्षभराने पुतणीचा फोन आला. डिनर सेट अजून खोक्यात आहे, म्हणाली, तीन घड्याळांपैकी दोन बंद पडली, एक ज्यूसर कुणाला तरी देऊन टाकला. रोज वापरात आहे तो काकांचा तवा. "काकांना विचार ना, भाकरी चिकटायला लागली की परत तेल किती वेळ लावून ठेवायचं?" हा निरोप मी अण्णांना दिला. ते काही बोलले नाहीत, पण त्या संध्याकाळी त्यांनी दोन पानी उत्तर लिहून मला फोटो काढून पाठवायला लावलं, मागची-पुढची दोन्ही बाजू.

दिवाळीला उटणं असतं. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गुलाबपाकळ्या, संत्र्याची साल, मसुराचं पीठ. पुडीवर सगळे घटक उतरत्या क्रमाने, कायद्यात असतात तसे, आणि शेवटी 'सुगंध : वाळ्याचा, दुसरा नाही'. हे उटणं आम्ही नावं न ठेवता लावतो, खरंच चांगलं असतं. फक्त मोरी तुंबते.

साबण मात्र एका गणपतीत अंगाशी आला. अण्णा घरी खोबरेल तेलाचा साबण करतात. कॉस्टिकचं पाणी मोजून तेलात घालायचं, घोटायचं, साच्यात ओतायचं आणि मग चार-सहा आठवडे मुरू द्यायचा. त्या वर्षी साचा सापडेना म्हणून त्यांनी मोदकाचा साचा वापरला. पांढरेशुभ्र, कळीदार, एकवीस. ते फडताळावर सुकत ठेवले होते. गणपती आले, पेणचा शाडूचा, रंग पाण्यातले. आरती झाली, आणि इमारतीतल्या एका गृहस्थांनी, जे पथ्यावर असल्यामुळे खाण्याबाबत नेहमीच घाईत असतात, फडताळावरून हळूच एक उचलून तोंडात टाकला. त्यांचा चेहरा आधी प्रश्नार्थक झाला, मग गंभीर, आणि मग तोंडातून फेस यायला लागला. बायका किंचाळल्या. अण्णा पाण्याचा तांब्या घेऊन धावले, त्यांना चुळा भरायला लावल्या, आणि पाठीवर हात ठेवून दिलासा देत म्हणाले, "अजिबात घाबरू नका. यात पॅराबेन नाही, रंग नाही, सुगंध नाही. पूर्ण मुरलेला आहे." गृहस्थ बोलण्याच्या अवस्थेत नव्हते, म्हणून वाचलो.

वास्तुशांतीला अण्णा स्नेक प्लँट देतात. खारघरला माझ्या भाच्याने फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी अशा चार कुंड्या पोचवल्या आणि पाहुण्यांदेखत सांगितलं, की १९८९ साली नासाने प्रयोग करून सिद्ध केलंय, ही झाडं हवेतलं बेन्झिन, फॉर्माल्डिहाइड शोषून घेतात. भाचा इंजिनिअर, तो मोबाईल काढून म्हणाला, "काका, तो प्रयोग बंद पेटीत केलेला. २०१९ साली दोघांनी असे सगळे प्रयोग परत तपासले. साध्या घरात हवा जेवढी आपोआप बदलते, तेवढा परिणाम झाडांनी साधायचा तर एका चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत कुंड्या लागतील." मला वाटलं, आता अण्णा चिडतील. पण त्यांनी मोबाईल हातात घेतला, नीट वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. म्हणजे खिडकी उघडणं सगळ्यात उत्तम." आणि त्यांनी जाऊन खिडकी उघडली.

खिडकीबाहेर तळोज्याचे कारखाने होते. वारा त्याच दिशेचा होता. अण्णांनी पंजाने वास ओढला, एकदा, दोनदा, आणि खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "राहू देत कुंड्या."

याच तळोज्यात २०१७ च्या ऑगस्टमध्ये निळी कुत्री दिसली होती. एका कारखान्याचा रंग कासाडी नदीच्या पाण्यात गेला, भटकी कुत्री त्यात उतरली आणि निळी होऊन बाहेर आली. फोटो जगभर फिरले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करायला लावला, पुढे पावसाने रंगही उतरला. कोपरखैरण्यालाही कधी कधी रात्री एक वास येतो. लोक ट्विट करतात, पत्र लिहितात. अण्णा गादीवर उठून बसतात आणि अंधारात वास ओळखतात : "हा सॉल्व्हंटचा," "हा नुसता गटाराचा, झोप." ताई झोपलेल्याच असतात. ज्या माणसाला बाहेरचं काय काय येतंय हे नावानिशी कळतं, त्याने निदान आतला भांड्यांचा साबण तरी आपल्या मर्जीने निवडावा, हे मला कळू शकतं. महापालिकेची धूरफवारणीची गाडी गल्लीत आली की ते सहाही खिडक्या लावायला धावतात, आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या मुलांनाही हाका मारून आत जायला लावतात. डास चावले तर निंबोळीचं तेल. कॉइल नाही. एका कॉइलच्या धुरातले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं २००३ साली संशोधकांनी मोजलंय. हा आकडा ते पाहुण्यांना कॉइल पेटवण्याआधी सांगतात, पेटवल्यावर नव्हे, हा त्यांचा सभ्यपणा. अर्थात निंबोळीच्या तेलाने खाडीचे डास जात नाहीत. त्यांना तो वास आवडतो की काय कोण जाणे.

ताईंनी या सगळ्यात आपली एक फट शोधून ठेवलेली आहे. लोखंडी तव्यावर त्यांचा डोसा निघत नाही. नॉनस्टिकवरचा वाद पूर्वी रीतसर झाला होता. अण्णा म्हणाले, "२६० अंशांच्या वर तापला की त्या लेपाचं विघटन व्हायला लागतं. त्या धुराने पिंजऱ्यातला पोपट मरतो." ताई म्हणाल्या, "आपल्याकडे पोपट कुठाय?" तवा गेला, पण लांब गेला नाही. तो समोरच्या घरी राहतो. दर शनिवारी सकाळी ताई पिठाचं भांडं झाकून 'जरा समोर जाऊन येते' म्हणतात आणि अर्ध्या तासाने डोसे घेऊन येतात. ते कुरकुरीत, सोनेरी, कडेने जाळी पडलेले डोसे अण्णा चार-चार खातात. खाताना वास घेतात का, हे मी एकदा मुद्दाम बघितलं. शनिवारी घेत नाहीत.

यंदा अण्णांच्या मुलीला मुलगा झाला. पुण्याला असते. अण्णांनी तयारी सहा महिने आधी सुरू केली होती. बाळाच्या खोलीचा रंग कुठला, याची चौकशी. २०१७ च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नसावं असा नियम आहे, म्हणून जावयाला रिकाम्या डब्याचा फोटो मागवला, मागच्या बाजूचा. सीबीडी बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये चन्नपट्टणच्या कारागिराचा ठेला लागला होता. त्याच्याकडून लाखेचा खुळखुळा, रंगीत चकत्यांचा मनोरा आणि चाकाचं बदक घेतलं. हलकं लाकूड, लाखेची झिलई, रंग झाडपाल्याचे. कारागिराला त्यांनी इतके प्रश्न विचारले की त्याने शेवटी एक चकती स्वतःच चावून दाखवली. दुपट्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास नको म्हणून ताईंनी त्यात कडुनिंबाचा पाला आणि लवंगा घातल्या.

नातू आठ महिन्यांचा झाला, दात शिवशिवायला लागले. खुळखुळा त्याने एकदा हातात घेतला, अण्णांकडे बघितलं आणि फेकून दिला. मनोऱ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याला हवा होता टीव्हीचा रिमोट. रांगत जाऊन तो रिमोट गाठायचा आणि एका कोपऱ्यापासून पद्धतशीर चघळायचा. अण्णांनी सेलचं झाकण काढून आतलं वाचलं. "एबीएस," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे सात. इतर." त्यांनी सेल काढले, रिमोट रिठ्याच्या पाण्यात घालून दात घासायच्या ब्रशने बटणा-बटणांतून धुतला आणि उन्हात वाळवला. नातवाने परत तोंडात घातला, रिठा कडू लागला, थुंकला. "बघ," अण्णा जावयाला म्हणाले. रिमोट पुन्हा चालला नाही, पण त्यांच्या दृष्टीने तो प्रश्न वेगळा.

जावयाने नवा रिमोट मागवला. खोकं उघडलं, वरचं फुग्यांचं प्लास्टिक काढून बाजूला टाकलं, आणि तेवढ्यात नातू त्या प्लास्टिकवर तुटून पडला. मुलगी धावली. ताई धावल्या. अण्णांनी दोघींना हाताने थांबवलं, जमिनीवर पालथे पडून बाळाच्या तोंडाबाहेरचं टोक निरखलं आणि म्हणाले, "चार नंबर. चालेल." मग दुसरं टोक स्वतःच्या मुठीत घट्ट धरून, एकही फुगा घशात जाणार नाही अशा बेताने, ते तिथेच पालथे पडून राहिले.